'आयुष्यभर' म्हणजे किती किलोमीटर?

२०१६ च्या जूनमध्ये, पहिल्या पावसात, चिपळूणहून कराडकडे येताना कुंभार्ली घाटाच्या मध्यावर माझी गाडी बंद पडली. धूर नाही, स्फोट नाही. तिसरा गिअर टाकताना पत्र्याच्या डब्यात मूठभर खिळे हलवावेत तसा आवाज आला आणि इंजिन थांबले. स्टार्टर मारला की ते फिरे, पण पेट घेईना. टेम्पोमागे बांधून गाडी कराडला नेली. मिस्त्रींनी तेल भरण्याचे झाकण उघडले, आत बोट घातले आणि ते बोट मला दाखवत म्हणाले, "सर, ह्यात ऑइल न्हाई, डांबर हाय."

मी डॅशबोर्डच्या कप्प्यातून सर्व्हिसची पुस्तिका काढून त्यांच्यापुढे धरली. गाडी मी दीड वर्षापूर्वी वापरलेली घेतली होती, ७८,००० किलोमीटर धावलेली. पुस्तिकेत प्रत्येक सर्व्हिसिंगची तारीख, किलोमीटर आणि एका सर्व्हिस सेंटरचा गोल शिक्का होता. एकही चौकोन रिकामा नव्हता. या पुस्तिकेवर विश्वास ठेवूनच मी व्यवहार केला होता. मिस्त्रींनी ती चाळली, बोट तिच्याच कोऱ्या पानाला पुसले आणि विचारले, "आता पुस्तक खरं धरायचं का इंजिन?"

दोन पुरावे एकमेकांविरुद्ध उभे राहिले तर कोणता धरायचा, हा प्रश्न संशोधकाला नवा नाही. मी अभियंता नाही. जे थोडे शिकलो ते ग्रंथालयातल्या नोकरीत, पुस्तकांची कव्हरे घालता घालता. पण गेली वीस वर्षे यंत्रांबरोबर येणाऱ्या पुस्तिका जमवण्याचा मला नाद आहे: शिवणयंत्राच्या, ऑइल इंजिनाच्या, रेडिओच्या. त्यांना कोणी साहित्य म्हणत नाही. तरी साहित्यिक नियतकालिकांच्या वाचकांनी एक गोष्ट विसरू नये. 'किर्लोस्कर' हे आपल्या मासिकांमधले मोठे नाव १९२० साली 'किर्लोस्कर खबर' या रूपात, एका कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठीच जन्माला आले. यंत्राबद्दल लिहिलेला मजकूर हाही मजकूरच आहे. त्यात गृहीतके असतात, अलंकार असतात, सोयीची मौने असतात. म्हणून त्याची चिकित्सा व्हायला हवी. हा लेख एका छोट्या टर्बो-डिझेल इंजिनाच्या आणि त्याच्याबद्दल लिहिल्या गेलेल्या शब्दांच्या अशा चिकित्सेचा प्रयत्न आहे.

१. एक इंजिन, अनेक मुखपृष्ठे

ते इंजिन म्हणजे फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट. २००३ साली ते युरोपात आले. पोलंडमधील बिएल्स्को-ब्यावा येथे फियाट आणि जनरल मोटर्स यांच्या भागीदारीतील कारखान्यात ते बनू लागले. त्याआधीची गोष्टही सांगायला हवी. डिझेल एका सामाईक नळीत प्रचंड दाबाने साठवायचे आणि विजेवर चालणाऱ्या इंजेक्टरने हवे तेव्हा, हवे तेवढे सोडायचे, ही कॉमन रेल पद्धत मोटारगाड्यांसाठी घडवण्याचे बरेचसे काम फियाट समूहाने केले. पण १९९४ मध्ये ते तंत्र जर्मनीच्या बॉश कंपनीला विकले गेले. १९९७ ची अल्फा रोमिओ १५६ ही ते वापरणारी पहिली मोटार. त्या पहिल्या पिढीत प्रत्येक फेरीत डिझेलचे दोन फवारे उडत, एक आगाऊ आणि एक मुख्य. मल्टिजेटमध्ये ते पाचापर्यंत वाढवता येऊ लागले. एकाच मोठ्या धडाक्याऐवजी डिझेल थोडेथोडे जळू लागले, म्हणून जुन्या डिझेलचा खडखडाट कमी झाला.

भारतात हे इंजिन खऱ्या अर्थाने पोचले ते जानेवारी २००७ मध्ये, मारुती स्विफ्टमधून. तिथे त्याचे नाव 'डीडीआयएस'. २००८ च्या टाटा इंडिका व्हिस्टात ते 'क्वाड्राजेट' झाले. २००९ मध्ये लिनिया आणि पुंटो आल्या, त्यांत ते स्वतःच्या 'मल्टिजेट' या नावानेच राहिले. ओपेलच्या गाड्यांत तेच 'सीडीटीआय'. मारुतीसाठी ते हरियाणात मानेसरला बनत असे, टाटा आणि फियाटसाठी आपल्या शिरूर तालुक्यातील रांजणगावला. महागणपतीच्या दर्शनाला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की, ज्या गाडीतून आपण आलो तिचे इंजिन इथूनच काही अंतरावर जुळवले गेले? पिंपरी-चिंचवडच्या प्रीमियरने आपल्या रिओ गाडीतही ते बसवले. डिझायर, रिट्झ, एर्टिगा, सियाझ, ब्रेझा, मांझा, झेस्ट, बोल्ट अशी यादी वाढत गेली आणि मोटारींवर लिहिणाऱ्यांनी त्याला 'राष्ट्रीय इंजिन' अशी पदवी दिली. १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ नियम लागू झाले आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणेच थांबवले. पदवीधारक निवृत्त झाला.

एकच संहिता निरनिराळ्या प्रकाशकांनी निरनिराळ्या मुखपृष्ठांत छापावी, तसा हा प्रकार. आणि जिथे एका संहितेच्या अनेक प्रती आहेत तिथे पाठभेद असतातच. त्यांच्याकडे वळण्यापूर्वी मूळ संहिता वाचू.

२. तक्ता कसा वाचावा

गाडीच्या जाहिरातपत्रकाच्या शेवटच्या पानावर वैशिष्ट्यांचा एक तक्ता असतो. आपण त्यातला मायलेजचा आकडा पाहतो आणि पत्रक मिटतो. पण तक्ता नीट वाचला तर त्यात इंजिनाचा स्वभाव लिहिलेला असतो.

चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह. सिलिंडरचा व्यास ६९.६ मिलिमीटर, पिस्टनची धाव ८२ मिलिमीटर. गुणाकार केला की १,२४८ घनसेंटिमीटर येतात, म्हणजे सव्वा लिटर. जाहिरातीत ते 'एक पूर्णांक तीन' होते, इतकी अतिशयोक्ती आपण खपवून घेऊ. धाव व्यासापेक्षा बरीच लांब आहे. म्हणजे हे फार वेगाने फिरण्यासाठी नव्हे, खालच्या फेऱ्यांवर जोर लावण्यासाठी घडवलेले इंजिन आहे.

पुढची ओळ: ४,००० फेऱ्यांना ७५ पीएस, २,००० फेऱ्यांना १९० न्यूटन-मीटर. हे दोन आकडे एकमेकांशी बोलतात. टॉर्क म्हणजे पिळाचा जोर, आणि शक्ती म्हणजे तो जोर मिनिटाला किती वेळा लागतो त्याचा हिशेब. २,००० फेऱ्यांना १९० न्यूटन-मीटर म्हणजे साधारण ५४ पीएस. उलट, ४,००० फेऱ्यांना ७५ पीएस असतील तर तिथे पिळाचा जोर उरतो सुमारे १३२ न्यूटन-मीटर. म्हणजे फेऱ्या दुप्पट केल्या तरी शक्ती दीडपटीहूनही कमी वाढते आणि जोर जवळजवळ एकतृतीयांश घटतो. याचे कारण टर्बो. २,००० च्या आसपास टर्बो भरात असतो, त्याच्या खाली तो जागाच झालेला नसतो. आपल्याकडचे चालक ज्याला 'पिकअप नाही' म्हणतात तो हाच प्रदेश. व्हेरिएबल टर्बो बसवलेल्या ९० पीएसच्या आवृत्तीत २०० न्यूटन-मीटरचा जोर १,७५० फेऱ्यांनाच मिळतो. म्हणून तीच गाडी घाटात समजूतदार वाटते.

तक्त्यातली ही ओळ खरे तर गाडी कशी चालवावी याची सूचना आहे. डिझेल वाचवायचे म्हणून चौथ्या गिअरमध्ये, १,२०० फेऱ्यांवर, कुंथत गाडी नेणारा माणूस या इंजिनाचे नुकसान करत असतो. हवा कमी, डिझेल जास्त, म्हणून काजळी होते. जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा आत घेणारा ईजीआर व्हॉल्व्ह ती काजळी आत ओढतो. इंजिनातून येणाऱ्या तेलाच्या वाफेशी ती मिसळली की हवा जाण्याच्या वाटेत चिकट थर बसत जातो. ईजीआर कोंडल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांत शहरात हळू फिरणाऱ्या, कधीच लांब न गेलेल्या गाड्या अधिक असतात, असे मिस्त्री सांगतात. तक्ता वाचलेल्याला त्याचे आश्चर्य वाटणार नाही.

आणखी दोन आकडे. सुरुवातीच्या मल्टिजेटमध्ये इंधनाच्या नळीत १,४०० बारपर्यंत दाब असे. गाडीच्या टायरमधल्या हवेचा दाब दोन-सव्वादोन बार असतो. एवढ्या दाबाचे डिझेल सोडणारे इंजेक्टरचे आतले भाग काही मायक्रॉनच्या फटीने एकमेकांत बसलेले असतात. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. आणि टर्बोचा दांडा भरात असताना मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो, तेही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. तेल पोचले नाही तर धातू धातूवर घासतो.

तक्ता इथे थांबतो. एवढ्या बारीक फटी, एवढा दाब आणि एवढा वेग सांभाळणारे डिझेल किती स्वच्छ हवे आणि तेल किती ताजे हवे, याचा रकाना त्यात नसतो. त्यासाठी पुस्तिकेकडे जावे लागते.

३. पाठभेद

माझ्या संग्रहात या इंजिनाच्या गाड्यांच्या काही पुस्तिका आहेत. त्यांतली तेल बदलण्याची ओळ तेवढी शेजारी शेजारी ठेवली. युरोपातील फियाट गाड्यांत सर्व्हिसिंगचा टप्पा ३०,००० किलोमीटरचा. भारतातील फियाटमध्ये तो १५,०००. मारुतीमध्ये १०,०००. इंजिन तेच, व्यास तोच, धाव तीच. तेल सुमारे तीन लिटर मावते, म्हणजे एक लाख किलोमीटरमध्ये युरोपातले इंजिन साधारण दहा लिटर ताजे तेल पिते, आपल्याकडच्या फियाटचे वीस लिटर आणि मारुतीचे तीस.

पाठभेद दिसला की लेखनिकाची चूक म्हणून मोकळे होऊ नये, हा पाठचिकित्सेचा पहिला धडा. भेदामागे कारण असते, आणि इथे ते डिझेलमध्ये आहे. डिझेलमधले गंधक जळून आम्ले तयार होतात, ती तेलात उतरतात आणि तेलाचा कस मारतात. युरोपात २००५ पासून डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दशलक्षात ५० भाग होती, २००९ पासून १०. आपल्याकडे २००७ मध्ये, स्विफ्ट डिझेल आली तेव्हा, महानगरांत बीएस-३ म्हणजे ३५० भाग आणि बाकी देशभर बीएस-२ म्हणजे ५०० भाग. २०१० मध्ये ५० भागांचे बीएस-४ डिझेल ठरावीक शहरांतच आले. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि सोलापूर त्या यादीत होते. पुण्यात टाकी भरून निघालेली गाडी कराडला पुन्हा भरली की तिच्या पोटात वेगळेच डिझेल जाई. देशभर बीएस-४ व्हायला १ एप्रिल २०१७ उजाडले, आणि १० भागांचे डिझेल सर्वत्र मिळायला २०२०. नेमके त्या वर्षी हे इंजिन बाजारातून गेले. ज्या स्वच्छ डिझेलसाठी ते घडवले होते ते देशभर मिळू लागले तेव्हा नव्या गाड्यांत ते उरलेच नव्हते.

धूळ, ऊन आणि वाहतुकीची कोंडी यांचाही हिशेब भारतीय टप्प्यात धरलेला असणार. पण एकाच देशात, एकाच डिझेलवर, १५,००० आणि १०,००० हा भेद कशामुळे? तिथे माझा तर्क असा की, ही संख्या निव्वळ अभियंत्याची उरत नाही. लांब टप्पा म्हणजे देखभालीचा कमी खर्च, आणि तो विक्रीच्या वेळी सांगता येतो. आखूड टप्पा म्हणजे गावोगावच्या सर्व्हिस सेंटरला नियमित काम. दोन्ही आकडे प्रामाणिक असू शकतात. पण त्यांना निसर्गनियम समजू नये. ते कोणीतरी, कोणत्यातरी परिस्थितीत, काहीतरी जमेस धरून निवडलेले आकडे आहेत.

४. तीन शब्दप्रयोग

आकड्यांहून पुस्तिकेतले शब्द मला अधिक घातक वाटतात. त्यांतले तीन पाहू.

पहिला, 'आयुष्यभर'. या इंजिनात टायमिंग बेल्ट नाही, साखळी आहे. गॅरेजच्या भाषेत चेन. २००३ मध्ये फियाटने हे इंजिन बाजारात आणताना त्याच्या यांत्रिक भागांना अडीच लाख किलोमीटर देखभाल लागणार नाही असे सांगितले होते. विक्रेत्याच्या तोंडी त्याचे 'चेन आहे, आयुष्यभर बघायला नको' असे झाले. पण चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. तेलात गाळ झाला, वाटा कोंडल्या की त्याची पकड सैल होते. अपुऱ्या तेलावर चेनचे सांधे झिजतात आणि ती लांब होत जाते. थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद खळखळ ऐकू येऊ लागते, ती या चेनची पहिली हाक. ती ऐकली नाही तर चेन एखादा दात उडी मारते, व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ चुकते आणि ते एकमेकांवर आदळतात. माझ्या इंजिनात सोळापैकी सहा रॉकर तुटलेले निघाले. तुटून त्यांनी व्हॉल्व्ह वाचवले होते.

म्हणजे चेनला देखभाल लागत नाही हे वाक्य खोटे नाही, अपुरे आहे. चेनची देखभाल तेलात केलेली असते. 'आयुष्यभर' या शब्दाने चेनचे आयुष्य तेलापासून तोडले आणि मालकाला निश्चिंत केले. शिवाय आयुष्य कोणाचे? चेन तुटली त्या क्षणी इंजिनाचे आयुष्यही संपले असे धरले, तर आयुष्यभर टिकण्याचे वचन कधीच मोडत नाही.

दुसरा, 'जे आधी होईल ते'. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. या वाक्यातले किलोमीटर सर्वांना पाठ असतात, वर्ष कोणाला आठवत नाही. कराड-पुणे रस्त्यावर तीन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेल्या डिझायर टॅक्सी मी पाहिल्या आहेत, त्यांत बसलो आहे. त्यांच्याकडे बोट दाखवून 'हे इंजिन मरत नाही' असे म्हटले जाते. पण टॅक्सीचे दहा हजार किलोमीटर दोन-अडीच महिन्यांत होतात. इंजिन तासन्‌तास गरम राहते, तेलातला ओलावा उडून जातो, आणि तेल जुने होण्याआधीच बदलले जाते. निवृत्त शिक्षकाची गाडी वर्षाला चार हजार किलोमीटर चालते, तीही मंडई, दवाखाना आणि मंदिर अशी. इंजिन पुरते गरम होण्याआधी बंद होते. किलोमीटरच्या हिशेबाने त्याचे तेल अडीच वर्षे चालायला हवे. टॅक्सीने मिळवलेली कीर्ती ऐकून शिक्षक निश्चिंत राहतात आणि चेन त्यांची सुटते. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, ही आपल्या जुन्या गाड्यांच्या बाजारातली सर्वांत पक्की समजूत. या इंजिनापुरती तरी ती तपासून घ्यावी.

तिसरा शब्दप्रयोग सर्वांत महत्त्वाचा, आणि तो तळटिपेत असतो: 'तीव्र परिस्थितीतील वापर'. धुळीचे रस्ते, वारंवार छोटे पल्ले, बराच वेळ जागेवर चालू ठेवलेले इंजिन, दीर्घकाळ मंद वेग, ओझे ओढणे अशा वापरात तेल आणि फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदलावेत, अशा अर्थाची सूचना बहुतेक पुस्तिकांत असते. ही यादी पुन्हा वाचावी. उसाच्या हंगामात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांच्या मागून रांगणारा कारखान्याचा रस्ता, मेमधली मराठवाड्याची धूळ, हिंजवडीची संध्याकाळ, लग्नाला निघालेली सात जणांची पाच आसनी गाडी. पुस्तिका ज्याला अपवाद म्हणते तो आपला नियम आहे. मोठ्या अक्षरांतला मजकूर अशा वाचकाला उद्देशून लिहिलेला आहे जो आपल्यात फारसा नाही, आणि आपल्याला उद्देशून लिहिलेला मजकूर बारीक अक्षरांत आहे. ही माझी या साहित्यप्रकारावरची मुख्य तक्रार.

५. गॅरेजची मौखिक परंपरा

मग खरे ज्ञान मिस्त्रींकडे, पुस्तिका फेकून द्याव्यात, असे म्हणायचा मोह होतो. तो टाळावा. मौखिक परंपरेतही अपपाठ शिरतात.

तिचे सामर्थ्य आधी सांगतो. घाट चढून आल्यावर किल्ली लगेच फिरवू नका, मिनिटभर इंजिन शांत चालू द्या, हे मला मिस्त्रींनी शिकवले. कारण इंजिन थांबले की तेलाचा पंप थांबतो, आणि तापलेल्या टर्बोतले तेल तिथेच करपते. बंद गाडी उतारावर नुसत्या गिअरच्या भरवशावर सोडू नका, हँडब्रेक ओढा, कारण इंजिन उलटे थोडे जरी फिरले तरी दाब नसलेल्या टेन्शनरवर चेन सैल पडते, हेही त्यांनीच सांगितले. डिझेल फिल्टरच्या तळाशी जमलेले पाणी काढायला ते विसरत नाहीत, कारण पाण्याने गंजलेला इंजेक्टर त्यांनी हातात धरलेला असतो. खळखळ चेनची आहे की इंजेक्टरची, हे ते लांब पेचकस कानाला लावून सांगतात.

पण याच परंपरेत 'ऑइल काळं झालं म्हणजे गेलं' असेही सांगतात. डिझेल इंजिनातले तेल बदलल्यावर थोड्याच वेळात काळे होते. काजळी स्वतःत धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. काळेपणा हा दोष नव्हे, घट्टपणा आणि गाळ हा दोष. ट्रॅक्टरला चालते ते जाड तेल या इंजिनात ओतले जाते. याच्या बारीक वाटांसाठी ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४० जातीचे सिंथेटिक तेल सांगितलेले असते, ते 'महाग' म्हणून टाळले जाते. ईजीआरच्या वाटेवर पत्र्याचा तुकडा ठोकून ती बंद करणे हा तर सर्रास 'इलाज'. त्याने गाडी हलकी वाटते आणि नायट्रोजनची विषारी संयुगे आपल्याच गल्लीत सोडली जातात. माझ्या मिस्त्रींनीही मला तो सुचवला होता. मी नको म्हटले तेव्हा त्यांनी खांदे उडवले, पण व्हॉल्व्ह काढून स्वच्छ केला.

म्हणजे छापील संहिता परिस्थिती ओळखत नाही आणि मौखिक संहिता कारण विसरते. पुस्तिकेतले 'का' आणि गॅरेजमधले 'केव्हा' एकत्र यायला हवेत. ते एकत्र आणण्याची जागा मालकाची. पण मालक म्हणजे आपण, आणि आपल्याला वाटते की आपण गाडी विकत घेतली आहे, तिची देखभाल ही दुसऱ्या कोणाची तरी नोकरी आहे.

६. विश्वासार्हता कोणाची?

'हे इंजिन विश्वासार्ह आहे का?' असा प्रश्न आपण विचारतो, जणू विश्वासार्हता हा त्याच्या बिडाचा किंवा पोलादाचा गुण आहे. एवढ्या वाचनानंतर मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. हे इंजिन उत्तम घडवलेले आहे. २००५ मध्ये त्याला १.० ते १.४ लिटर गटात 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' हा सन्मान मिळाला, तो उगाच नव्हे. सुमारे १३० किलो वजनात एवढे काम करणारे यंत्र पाहून मला आजही कौतुक वाटते. पण जुने जाड डिझेल इंजिन हेळसांड सोसत असे, कारण त्याच्यात सोसण्याजोगी ढिलाई होती. या इंजिनाने ती ढिलाई काढून टाकली आणि तिच्या जागी काटकसर, शांतता व जोर घेतला. निम्मी विश्वासार्हता कारखान्यात घडली आणि उरलेली निम्मी मालक, मिस्त्री आणि पंप यांच्याकडे उधार ठेवली. 'राष्ट्रीय इंजिन' या पदवीत ही उधारी लिहिलेली नाही.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. रस्त्यावरच्या या गाड्या आता जुन्या होत चालल्या आहेत. पहिल्या मालकाने विकल्या, दुसऱ्याने विकल्या. आता त्या तालुक्याच्या गावी तिसऱ्या-चौथ्या हातात आहेत. कोणाचा दुधाचा रतीब तिच्यावर आहे, कोणाच्या आईचे डायलिसिस. दीड-दोन लाखांत घेतलेल्या गाडीचे इंजिन बांधायला पन्नास हजार लागले तर त्या घराचा हंगाम कोलमडतो. आणि गाडीबरोबर त्याच्या हातात येते ती इंग्रजी पुस्तिका, आली तर, आणि माझ्यासारखीच शिक्क्यांनी भरलेली.

माझे शिक्के खोटे होते की शिक्का मारणाऱ्याने बिल लावून तेल तसेच ठेवले होते, हे मला कधीच कळले नाही. त्या सर्व्हिस सेंटरला मी दोन पत्रे लिहिली. उत्तर आले नाही. ४८,००० रुपये गेले. त्यातून एक सवय मात्र लागली. इंजिन बांधून झाले त्या दिवशी मी एक दोनशे पानी वही घेतली आणि पुस्तिकेच्या जागी ठेवली. तारीख, किलोमीटर, तेलाची जात, किती लिटर, फिल्टर, कोणी बदलले, जुने तेल कसे निघाले, कोणता आवाज केव्हापासून येतो, हे सगळे मराठीत लिहितो. आठ हजार किलोमीटर किंवा नऊ महिने, जे आधी होईल ते. हा माझा टप्पा, माझ्या रस्त्यांवरून ठरवलेला. तेल बदलताना मी समोर उभा राहतो. पहिल्यांदा मिस्त्रींना ते अविश्वासाचे वाटले. आता ते स्वतःच हाक मारतात, "सर, या, बघून घ्या, मग ल्ह्या."

गाडीने मागच्या महिन्यात २,१४,००० किलोमीटर ओलांडले. फियाटने सांगितलेल्या अडीच लाखांना अजून ३६,००० बाकी आहेत. आता सकाळी खळखळ नाही. गाडी विकायची वेळ येईल तेव्हा वही गाडीबरोबर देणार आहे. पुढच्या मालकाने तिच्यावर विश्वास ठेवू नये. झाकण उघडून बोट घालावे, आणि मग वही वाचावी.